कानाखालचा स्नायू

परवा माझ्या पुतणीला बघायला मंडळी आली आणि नेमकं तेव्हाच माझं कानाचं यंत्र बंद पडलं. मग मी मुलाच्या आईच्या तोंडाकडे बघत बसले. "आम्हाला काही नको हो, फक्त मुलगी द्या," एवढं तिच्या ओठांवरून मलाही कळलं. ओठ गोडच होते. पण वाक्य संपलं की तिच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, एक स्नायू सुपारीएवढा फुगायचा आणि विरायचा. पोह्यांना तर तिने हातही लावला नव्हता. मग बाई चावत काय होत्या?

जिभेचं काय, ती टाळूला लागते, दातांना शिवते आणि सांगाल ते बोलून मोकळी होते. जबड्याला ते जमत नाही. गिळलेला शब्द तो दाढांखाली धरून ठेवतो. बहिरेपणाने शिकवलेली ही खूण मी पुतणीलाही कधीतरी सांगितली होती.

मंडळी गेल्यावर भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, कशी वाटली माणसं?"

त्याचा खुललेला चेहरा बघून मी म्हणाले, "चांगली आहेत रे."

कपबश्या उचलणारी पुतणी थांबली आणि माझ्या कानाखाली टक लावून बघू लागली.