बेटाची पहिली नागरिक

६ फेब्रुवारी. एसीचे फिल्टर धुवायचा दिवस. अमिरातीतल्या या अल ऐनची वाळू बारीक असते, दारंखिडक्या बंद असल्या तरी घरात शिरते. मी बाथरूममध्ये बसून फिल्टर ब्रशने घासत होते तेव्हा फोन वाजला. माझी मुलगी सई हिने तो स्पीकरवर टाकून दारात धरला.

एका देशाच्या वकिलातीतला कल्चरल अटॅशे बोलत होता. देशाचं नाव लिहीत नाही, बेटाचंही नाही. अतिशय गोड इंग्रजी. शारजातल्या प्रदर्शनात त्यांचा स्टॉल आहे. उद्या दहा वाजता उद्‌घाटन. फीत कापायला बेटाची पहिली नागरिक येते आहे, म्हणजे त्या बेटावर जन्मलेली पहिली मुलगी. आता मोठी झाली, कॉलेजात आहे. तिच्या जन्माच्या वेळची नर्स अल ऐनमध्ये राहते असं त्यांना कळलं. मी तिच्या शेजारी दहा मिनिटं उभी राहीन का? गाडी पाठवू.

मग आवाज थोडा खाली आला. "फक्त तिच्या आईचा विषय काढू नका, मॅडम. आई नंतर तापाने गेली, एवढंच तिला माहीत आहे. आणि तुमच्या त्या सैनिकाचाही नको. इट्स अ हॅपी ऑकेजन."

कळवते म्हणाले. सईने फोन बंद केला.

"आई, यू हॅव टु गो. शी इज माय एज."

"जाऊन काय सांगू?"

"द ट्रुथ. ऑब्व्हियसली."

उरलेले फिल्टर धुतले, बाल्कनीत उभे करून ठेवले आणि सईला सगळं सांगितलं. तिला याआधी कधी सांगितलं नव्हतं. तेच इथे लिहिते आहे.

मी तेव्हा कॅप्टन होते, लष्करात नर्सिंग ऑफिसर. शांतिसेनेच्या एका छोट्या तुकडीबरोबर माझं त्या बेटावर पोस्टिंग झालं. चाळीसेक माणसं, एक मेडिकल पोस्ट, एक वायरलेस रूम. ओसी, म्हणजे तुकडीचे प्रमुख, मेजर थॉमस, सर्जन. माझ्या हाताखाली नर्सिंग असिस्टंट नायक भाटकर, दापोलीकडचे. घरची होडी होती, लहानपण समुद्रावर गेलेलं.

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला काळा खडक. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन तासांची चाल. झाड एकही नाही. वारा थांबत नसे, तंबूच्या दोऱ्या सकाळ-संध्याकाळ ताणाव्या लागत. पाणी एकाच विहिरीचं, तेही मचूळ. भोवती प्रवाळाचं कडं, आणि त्यातून बोट आत यायला दोनच वाटा. उत्तरेची रुंद, दक्षिणेची अरुंद आणि वाकडी. जमिनीखाली तेल नाही, सोनं नाही. पक्ष्यांची विष्ठा होती, ती कोणीतरी आधीच खरवडून नेली होती.

यासाठी दोन देश भांडत होते. आम्ही त्यांना थोरले आणि धाकटे म्हणायचो. ही नावं भाटकरांनी ठेवली. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "मॅडम, ही सरळ भाऊबंदकी आहे. आमच्याकडे एका फणसावरून तीन पिढ्या कोर्टात आहेत. पण फणसाला निदान गरे तरी असतात."

बेट थोरल्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी तिथे दोनेकशे माणसं आणून बसवली होती. पगार, रेशन, फुकट घर. अट एवढीच की वर्षभर बेट सोडायचं नाही. कागदावर सगळे मच्छीमार. जाळं मात्र मला तिघांच्याच दारात दिसलं. पोस्ट ऑफिस होतं, तिथे बेटाचं चित्र असलेली तिकिटं मिळत. शाळेला घंटा होती. प्रत्येक घरावर सरकारी झेंडा. वाऱ्याने झेंडे महिन्याभरात फाटत, बदलीचे नवे न चुकता येत. भाजी यायची नाही. मुलांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि आम्ही व्हिटॅमिन सीच्या गोळ्या वाटत असू. प्रशासक नावाचा एक माणूस या सगळ्यावर होता. रोज सूट घालायचा.

धाकट्यांचं राज्य फक्त कागदावर. त्यांनी राजधानीत या बेटासाठी गव्हर्नर नेमलेला, त्याला ऑफिस, शिपाई, गाडी. त्याने बेट कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या रेडिओवर रोज संध्याकाळी बेटाचं हवामान सांगत. बहुतेक वेळा चुकीचं.

मधे दोघांच्या गस्ती बोटींत गोळीबार झाला, शस्त्रसंधी झाली, आणि आम्ही आलो. शस्त्रसंधीत ठरलं होतं की बेटावरचा माणूस हलवायचा तर दोघांची परवानगी हवी. उत्तरेची वाट धाकट्यांच्या नजरेखाली, ती वापरायची तर त्यांना विचारायचं. दक्षिणेची सगळ्यांना मोकळी, कारण तिथून जायची कोणाची इच्छा नसे.

रूटीन सोपं होतं. सकाळी आजारी जवानांची सिक परेड, मग बेटावरच्यांची ओपीडी, दुपारी स्टोअर. अशाच एका ओपीडीला लेना आली. वय चोवीस-पंचवीस, सातवा महिना. ती बेटावरची नव्हती. थोरल्यांनी तिला मुद्दाम आणलं होतं.

मला आधी कळलं नाही. प्रशासकानेच अभिमानाने समजावलं. इथे आजवर कोणी जन्मलं नाही. इथे जन्मलेलं मूल म्हणजे या मातीचं मूल, कोणत्याही कोर्टात दाखवता येईल असा पुरावा. म्हणून एका सरकारी कारकुनाची गरोदर बायको निवडली, बोटीत घातली, इथे उतरवली. नवऱ्याला मागेच ठेवलं.

लेनाला विचारलं, तू स्वतःहून आलीस का? ती म्हणाली, घर मिळणार आहे. नंतर म्हणाली, नाही म्हणता येत नव्हतं.

आठव्या महिन्यात तिला रक्तस्राव झाला. वेदना नाहीत, नुसतं रक्त. मेजरसाहेबांनी सोनोग्राफी केली. वार खाली सरकून गर्भाशयाच्या तोंडावरच बसली होती. अशी बाळंतीण सिझेरियनशिवाय सुटत नाही, आणि ते मोठ्या हॉस्पिटलात, रक्त हाताशी ठेवून करायचं असतं. तिचा गट बी निगेटिव्ह. दुर्मीळ.

मेजरसाहेबांनी त्याच दिवशी तिला हलवायची परवानगी मागितली. थोरल्यांचं उत्तर आलं: रक्तस्राव थांबला आहे, प्रसूती ठरल्याप्रमाणे बेटावर होईल. धाकट्यांचं उत्तर आलं: हेलिकॉप्टरला हरकत नाही, पण ही बाई आमच्या प्रदेशातली आमची नागरिक आहे असं आधी मान्य करा.

दोन्ही उत्तरं मी वाचली. भाषा सभ्य, व्याकरण बिनचूक. मला ओकारी आली. हे अलंकारिक लिहीत नाही. स्टोअरच्या मागे जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि ड्यूटीवर परत गेले.

पुढच्या बोटीने थोरल्यांनी मदत पाठवली. पाळणा आला, बाळाच्या दुपट्यावर झेंडा भरलेला. फोटोग्राफर आला. भूलतज्ज्ञ आला नाही.

त्यानंतर आठवडा गेला नसेल. दुपारी जेवणं आटोपत होती तेव्हा लेनाला खाटेवर घालून आणलं. चादर भिजली होती. यावेळी रक्त थांबत नव्हतं. आता परवानगी आली असती तरी हेलिकॉप्टर वेळेत पोचणार नव्हतं.

मेजर थॉमस म्हणाले, "इथेच. लगेच."

आम्ही गट तपासलेल्या माणसांची यादी ठेवत असू. तिला चालेल असं रक्त दोघांचंच होतं. ते दोघे बोलावण्याआधीच बाही वर करून दारात उभे होते. आमचं सप्लाय जहाज तासाभरापूर्वीच येऊन कड्याबाहेर नांगरलं होतं, त्याच्या फ्रिजमध्ये तिच्या गटाच्या चार पिशव्या होत्या. भाटकरांनी दोन जवान घेतले, रबरी बोट घेतली आणि दक्षिणेच्या वाटेने गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "या दोन बाटल्यांवर तिला धरून ठेवा, मॅडम. आलोच."

भुलीचं केटामीन मी दिलं. मेजरसाहेबांनी चिरा घेतला. तंबूच्या दारात प्रशासक येऊन उभा. त्याने बाटलीकडे बोट करून विचारलं, हे रक्त कोणाचं? मी म्हटलं, आमच्या जवानांचं. तो जरा विचारात पडला. म्हणाला, हे कुठे नोंदवू नका. परक्या सैनिकांचं रक्त चढवल्यावर मूल पूर्णपणे आमचं मानतील की नाही, हे विचारावं लागेल.

मेजरसाहेबांनी मान वर न करता त्याला बाहेर घालवलं.

मूल बाहेर आलं. मुलगी. लगेच रडली. आईचं रक्त चालूच होतं.

भाटकर जहाजापर्यंत सुखरूप गेले, डबा घेतला आणि परत निघाले. तोवर भरती चढली होती आणि दक्षिणेच्या वाटेत लाटा फुटायला लागल्या होत्या. सिग्नलचा जवान दारात उभा राहून वायरलेसवरचं आम्हाला सांगत होता.

"साहेब, भाटकर नॉर्थची परवानगी मागतायत."

"धाकट्यांना विचार. मेडिकल इमर्जन्सी सांग."

तो पळत गेला, पळत आला. "ते विचारतायत, कोणाच्या प्रदेशात यायची परवानगी मागताय?"

"तुमच्या, असं सांग. काय हवं ते म्हण त्यांना."

तो पुन्हा गेला. यावेळी यायला वेळ लागला. बाहेर प्रशासकाचा आवाज मला ऐकू येत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. ही कबुली देऊन बोट उत्तरेने आली तर शस्त्रसंधी मोडली असं समजू, असं तो म्हणत होता. थोरल्यांच्या चौकीची मशीनगन उत्तरेकडे वळवलेली जवानाने स्वतः पाहिली.

मेजरसाहेबांचे हात लेनाच्या पोटात होते. त्यांनी काही बोलायच्या आत जवान म्हणाला, "साहेब, भाटकरांनी सगळं ऐकलंय. त्यांचा मेसेज आहे. थांबत नाही. साउथने येतो. आउट."

तो त्यांचा शेवटचा मेसेज.

बोट उलटली. दोन जवान कड्याला धरून राहिले, वाचले. दुसरी बाटली संपली. लेना त्यानंतर अर्ध्या तासाने गेली. मी तिचे डोळे मिटले, वेळ लिहिली. तेवढ्यात फोटोग्राफर आत आला. पडदा ओढून घ्या म्हणाला, मागे रक्त दिसतंय.

ओहोटीला भाटकर सापडले. डब्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बांधलेला होता. डबा मी उघडला. बर्फ वितळला नव्हता.

त्याच संध्याकाळी थोरल्यांचं हेलिकॉप्टर आलं. दोघांच्याही परवानग्या तासाभरात मिळाल्या. त्यातून नवजात नागरिक, फोटोग्राफर आणि त्याचं सामान गेलं. लेना नंतरच्या बोटीने गेली, ताडपत्रीत. धाकट्यांच्या रेडिओने बेटाचं हवामान सांगितलं, आकाश निरभ्र. मग निषेध वाचला: आमच्या भूमीवर झालेला बेकायदा जन्म आम्हाला मान्य नाही.

मुलीला बेटाचंच नाव दिलं. दुपट्यातल्या तिच्या फोटोचं तिकीट निघालं. बापाला बढती मिळाली आणि तो गप्प बसला. भाटकरांच्या शवपेटीसोबत मी दापोलीला गेले. त्यांच्या पत्नीने विचारलं, लढाई चालू होती का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग?

मी पुढे मुदत संपल्यावर बाहेर पडले, इकडे हॉस्पिटलात नोकरी धरली. नकाशावर बोट ठेवून एकेका खडकासाठी घसा कोरडा करणारी माणसं मला इथल्या मराठी मंडळातही भेटतात. मी उठून चहा करायला जाते.

सईने हे सगळं ऐकलं. मग तिनेच अटॅशेला फोन लावून माझ्या हातात दिला. येते म्हणाले. गाडी नको म्हणाले.

सकाळी साडेपाचला निघाले. शारजाच्या वेशीवर ट्रॅफिक नेहमीचाच. पाहुण्यांचं हॉटेल अटॅशेने सांगितलं होतं. आठला मी तिथल्या रेस्टॉरंटमध्ये होते. मुलगी एकटीच नाश्ता करत होती. चेहरा लेनाचा. मी नाव सांगितलं, समोर बसले आणि म्हटलं, तुझ्या आईबद्दल मला खरं माहीत आहे. ते चांगलं नाही. ऐकायचं की नाही हे तू ठरव.

तिने काटा खाली ठेवला. ताप नव्हता ना, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नव्हता.

मी अहवाल देतात तसं सांगितलं. काय झालं, कशामुळे, कोण काय बोललं. तिकिटावरचा फोटो काढला तेव्हा आई कुठे होती, हे तिने विचारलं. मी म्हटलं, दुपट्यामागच्या पडद्याच्या मागे. तेव्हा तिने टेबलाची कड धरली.

नंतर म्हणाली, मरण्याचं कळलं. ती माणूस म्हणून कशी होती?

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. तुझ्या आईला डोहाळे लागले होते आणि बेटावर आंबट काही मिळत नव्हतं. नायक भाटकरांनी घरून आणलेली कैरीच्या लोणच्याची बरणी तिला दिली. ओपीडीच्या बाकावर बसून ती बोटाने लोणचं खायची. मसाला नाकातोंडात जायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती हसत सुटायची. भाटकर ओरडायचे, बाई, चमचा घ्या. मराठीतच. तिला काही कळायचं नाही. शेवटी एकच शब्द शिकली. लांबून त्यांना पाहिलं की बोट वर करून ओरडायची, "चमचा!"

मुलीने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. च तिला जमेना.

दहाला पाच मिनिटं कमी होती. अटॅशेचे दोन फोन येऊन गेले होते, तिसरा वाजत होता. फीत तिची होती, म्हणून मी तिला विचारलं, घेऊ का?

ती म्हणाली, आधी मला त्या माणसाबद्दल सांगा.

मी फोन बंद केला. दापोलीपासून सुरुवात केली.