हाकेची तार

गजाभाऊ गिटारच्या तारांना नाती लावायचे. पाकिटातून नवी तार काढायची, अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. बारीक असली तर, "ही नवी नवरी हाय बाई, जरा बोललं की मुसमुसती." जाड असली तर, "ही सासू. जागची हलायची न्हाई." मनासारखी निघाली तर मात्र काहीच बोलायचे नाहीत. तशी ती क्वचितच निघे.

वेल्ह्याला नर्स म्हणून बदलून आले, तेव्हा मी त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. गावाबाहेर ओढ्याच्या काठावर एकटं घर, आणि पलीकडच्या काठावर हिराबाईंचं. संपली वस्ती. खोली दाखवताना त्यांनी पाण्याचं, विजेचं, विंचवाचं काही सांगितलं नाही. "आमी रोज सांच्याला वाजवतो. तरास व्हईल," एवढंच म्हणाले. ते 'आमी' ऐकून मला वाटलं, घरात आणखी कोणी असेल. कोणी नव्हतं. बायको, शेवंताबाई, आदल्या वर्षी वारली होती. मुलगी सासरी, दिवाळीला यायची.

तरुणपणी गजाभाऊ लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची. ऑर्केस्ट्रा मोडला, गिटार माळ्यावर गेली. शेवंताबाई गेल्यावर ती खाली आली. मग कधीतरी मोबाईलवर त्यांनी पेडल स्टील गिटार पाहिली. तिच्यात पायानं पेडल दाबलं की बाकीच्या तारा जागेवर राहतात आणि एकच तार ताणली जाऊन तिचा सूर वर चढतो. झालं! शेवंताबाईंच्या शिलाई मशीनचं पायडल निघालं, सायकलच्या ब्रेकची वायर आली, गिटार टेबलावर ठोकून बसवली गेली. ते सगळं प्रकरण वाद्यापेक्षा पिठाच्या गिरणीसारखं दिसे. मी तसं म्हणालेही.

"हसा," ते म्हणाले. "तुमाला काय, तुमचं घर भरल्यालं हाय."

माझं पुण्यातलं घर भरलेलं वगैरे काही नव्हतं.

शनिवारी मी पुण्याला जाई, त्यामुळे तारा आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पूर्ण सेट नको, सुटी एकच तार. कधी नऊ नंबरची बारीक, कधी चौदाची जाड, पुन्हा खाली दहा. दुकानदार माझ्याकडे असा बघायचा की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. एकदा वैतागून मी विचारलं, "गजाभाऊ, तुम्हाला नक्की वाजवायचंय तरी काय?"

ते कांडी पुसत राहिले. मग म्हणाले, "हाक."

शेवंताबाई रोज संध्याकाळी ओढ्याच्या कडेला उभी राहून हिराबाईंना हाक मारायची, "हिराऽऽ, येती काऽऽ?" मग दोघी मिळून डेअरीला दूध घालायला जायच्या. त्या हाकेतला 'हिरा' सपाट असे आणि शेवटचा 'का' सरळ वर चढत जाई.

"फोटो हाय, लुगडी हायती," गजाभाऊ म्हणाले. "आवाज कुठं ठिवलाय कुनी? मोबाईल हुता की खिशात. एकदाबी सुचलं न्हाई."

मग मला तारांची भानगड कळली. बारीक तार 'का'पर्यंत पोचायची, पण डासासारखी गुणगुणायची आणि चार दिवसांत तुटायची. जाड तारेत आवाज भरदार निघे, पण ती पायडलला जुमानत नसे. फार जोर केला की ब्रेकची वायरच निसटे. "आमची ही ऐकायची न्हाई कुनाचं, पर इतकीबी न्हाई," असं म्हणत गजाभाऊ पुन्हा टेबलाखाली शिरायचे.

दिवाळीनंतर मी तेरा नंबरची तार आणली. त्यांनी ती नखावरून ओढली आणि ते काहीच बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी मी गवार निवडत बसले होते. आतून दोन सपाट सूर आले, थोडं थांबून आणखी काही, आणि मग शेवटचा चढत चढत वर गेला. शेवंताबाईंचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तरी ती बाई आहे आणि कुणाला तरी बोलावते आहे, हे मला लगेच कळलं.

ओढ्यापलीकडून उत्तर आलं, "आले गंऽऽ!"

हिराबाई दुधाचा कॅन घेऊन ओढ्यातून पाणी तुडवत आल्या. अंगणात पोचल्या आणि पायडलवर पाय ठेवून बसलेले गजाभाऊ त्यांना दिसले. त्यांनी कॅन खाली ठेवला. तो रिकामा होता. म्हैस त्यांनी कधीच विकली होती.

"दाजी, पायात काय घातलं न्हाई बगा म्या," त्या म्हणाल्या. "तोंडातनं ओ निघून गेली. मागनं आठवलं."

मी चहा केला. कोणी घेतला नाही. गजाभाऊंचा पाय पायडलवर तसाच होता. अंधार पडायला लागला तशा हिराबाई उठल्या. "लई ग्वाड वाजिवलंत," त्या म्हणाल्या. "परत वाजवू नगा."

पुढच्या शनिवारी मी निघताना गजाभाऊ दारात आले. "बाई, सतरा नंबर आना."

"ती तर सासू. वर चढायचीच नाही."

"नगंच चढाया." ते ओढ्याकडे बघत होते. "ती हाक हिराबायची हाय. आमी उगं आपली म्हनून बसलो. आमाला तिनं जल्मात हाक मारली न्हाई. नवऱ्याचं नाव कुठं घेत्यात बाया? 'आवं, ऐकलं का' म्हनायची, तेबी भिताडाकडं बगून."

मला रडू आलं. मी पिशवीत छत्री शोधत असल्याचं दाखवलं आणि एसटी गाठली.

सतरा नंबरची तार गिटारवर बसली, आणि तिच्यावर ते ऑर्केस्ट्रातली जुनी गाणी वाजवू लागले. पायडलला पाय लावत नसत. वाजवून झालं की गिटारवर जुनी चादर घालायचे आणि एकटेच जेवायला बसायचे.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढलं. मी त्यांच्या पाया पडले, ते "सुखी ऱ्हावा" म्हणून आत गेले आणि वाजवायला बसले. टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी निघाले, पण ओढ्याच्या कडेशी पोचल्यावर माझा पाय निघेना. मला गाता येत नाही, माझा आवाज तर फाटकाच. तरी तिथं उभं राहून मी घराकडे तोंड केलं आणि पोटातून ओरडले, "गजाभाऊऽऽ!"

गिटार थांबली. 'ओ' यायला फार वेळ लागला.