मीच टाइप केलेलं वाक्य

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात नव्या सोलर पॅनलवर संशोधन चालायचं. सरकारी निधीतून काचेवर पातळ थर चढवायचं यंत्र आलं आणि ते चालवायला एकटी मीच शिकले. पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा राजीनामा घेऊन प्रकल्प चालवणाऱ्या सरांकडे गेले.

"यंत्र कोण चालवणार?" सरांनी विचारलं.

"कुणाला तरी शिकवून जाते की."

"नवा माणूस घ्यायला दिल्लीची मंजुरी लागते. तोवर निधी परत जाईल."

त्यांनी निधीसाठी केलेला मूळ अर्ज पुढे ठेवला. प्रशिक्षित व्यक्ती प्रकल्प संपेपर्यंत उपलब्ध राहील, असं त्यात होतं. ते वाक्य मीच उत्साहानं टाइप केलेलं.

मी पुण्याला नकार कळवला. दोन वर्षं यंत्राच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत काढली. पॅनलचे निकाल चांगले आले तेव्हा सरांनी पेढे आणले. मी एवढंच विचारलं, "आता जाऊ का?"