कांद्याचा वास

झोप लागावी म्हणून सुनेने लेमन बाम तेलाचे दोन थेंब रुमालावर दिले, आणि त्या लिंबासारख्या वासाने मला संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतली खोताच्या वाडीतली दुपार आठवली. अश्रुधुरावर उपाय म्हणून तोंडाला कांदा चोळून मोर्चात गेलेला भाऊ पळत येऊन माळ्यावर लपला होता. त्याच्या अंगाचा कांद्याचा वास घरभर पसरला होता, आणि तेवढ्यावरून पोलीस माणूस उचलत. जिन्यावर बूट वाजले तशी, शेजारच्या मावशींनी आईच्या छातीच्या धडधडीसाठी दिलेली याच तेलाची अख्खी बाटली आईने जमिनीवर ओतली. हवालदार दारात थांबला, माळ्याकडे बघत त्याने लांब श्वास घेतला. "वास चांगलाय, वहिनी," तो हळूच म्हणाला, "पण कांदा लपत नाही. आंघोळ घाला त्याला." आणि तो उतरला. सून म्हणते, या तेलाने मन शांत होतं. माझा श्वास मात्र ते बूट जिना उतरेपर्यंत अडकलेलाच असतो.