नानांच्या तोंडाचा वास

काल सुनेने भरिताची वांगी भाजली आणि मी धुळ्याजवळच्या आमच्या गावी, चाळीस वर्षांपूर्वीच्या भरिताच्या पंगतीत पोचलो.

वडिलांनी, म्हणजे नानांनी, नुकतीच दारू सोडली होती. पंगतीतून उठताना ते चिखलात घसरले.

"नानानी परत सुरू करी!" कुणीतरी ओरडलं.

वाढणाऱ्या आईने सरळ नानांचं तोंड हुंगलं. "कांदाना वास शे! बठ्ठा या, वास ल्या!"

खरंच सगळ्यांची रांग लागली. नाना आ करून उभे. शेवटी आले दामूआबा, दुपारीच झोकून आलेले.

"आबा, तुम्ही लांबच उभा ऱ्हा," नाना मागे सरकले. "तुमना वासनी मन्हं मन फिरी जाई."

पंगत पोट धरून हसली, मीही हसलो. आई हसली नाही. तिने नानांचा हात धरला आणि त्यांना आबांपासून दूर, वाऱ्याच्या तोंडाशी नेऊन बसवलं.