लोणच्याची फळी

नूर महंमद मिस्त्री कोणाच्याही घरी गेला की बसण्याआधी दारावर बोटाचं पेर आपटायचा. दार उघडं असलं तरी. चहा पुढे आला की कप उचलून आधी टेबल वाजवायचा, मग चहा प्यायचा. लाकडाचा भुसा चिमटीत धरून हुंगायचा, आणि हमखास शिंकायचा. पेन्सिल कानावर असायची आणि शोध घरभर चालायचा. हातात फळी असली की फळीला रस्त्याच्या सावलीच्या बाजूला धरायचा आणि स्वतः उन्हातून चालायचा. शर्टाच्या खिशात हजामतीचा छोटा गोल आरसा बाळगायचा. दाढी छातीपर्यंत आलेली.

"काय नूरभाई, रूप बघता का त्यात?" चहावाला विचारायचा.

"रूप नाही, पोट बघतो," नूरभाई म्हणायचा.

पिंप्राळ्याच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. धंदा पाळण्यांचा आणि पलंगांचा. अर्ध्या जळगावची पोरं आपल्या पाळण्यात रडली, असं तो अभिमानाने सांगायचा. गिटार त्याच्या वाट्याला उशिरा आली, आणि आली ती भुसावळहून.

भुसावळच्या लोको शेडात पीटर्स नावाचे इंजिन ड्रायव्हर होते. त्यांच्या वडिलांनी लढाईच्या आधी विलायतेतून मागवलेली एक गिटार त्यांच्याकडे होती. तिची मान हलायला लागली तेव्हा कोणीतरी नूरभाईचं नाव सांगितलं. त्याने मान बसवली. साहेबांनी तिथेच दुकानात, पाळण्यांच्या मध्ये बसून ती वाजवली. नूरभाईच्या हातातला पटाशीचा दांडा तसाच राहिला. आवाज तारांतून येत नव्हता, लाकडातून येत होता. एवढं त्याला कळलं.

अशी एक आपण करायची, हे त्याने तेव्हाच ठरवलं. पण गिटारीचं मर्म आत असतं. तोंडावरच्या पातळ फळीला आतून पट्ट्या चिकटवलेल्या असतात. दोन मोठ्या, फुलीसारख्या. त्यांच्याखाली दोन बारक्या, तिरप्या. त्या तिरप्या पट्ट्यांचा कल बघून आवाज वळण घेतो. साहेब गिटार उघडू देईनात. मग नूरभाईने मधल्या भोकातून हजामतीचा आरसा आत घातला, बॅटरीचा उजेड टाकला, आणि जे दिसलं ते सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर उतरवून घेतलं.

वरच्या फळीला लाकूड जुनं लागतं. वाळून वाळून त्यातला ओलेपणाच नव्हे, त्याची आठवणसुद्धा गेलेली असावी लागते. स्टेशनपलीकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात त्याला ते मिळालं. इंग्रजांच्या राज्यात सरकी काढायची यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्या खोक्यांच्या फळ्या. पांढरट, हलक्या, सरळ रेषांच्या. तसलं झाड इकडे उगवत नाही, आणि तसली खोकी आता कोणी पाठवत नाही.

एका गिटारीला त्याला सहासहा महिने लागायचे. तेवढ्यात पाळण्यांची गिऱ्हाइकं दुसरीकडे जायची. त्यामुळे किंमतही तशीच सांगावी लागायची. बाजारात ती ऐकून लोक हसायचे.

"त्यापेक्षा म्हैस परवडनी, भाऊ. दूध तं भेटी."

"म्हैस रात्रभर वाजवता येते का?" नूरभाई विचारायचा.

पण ज्यांना हवी होती ते येत राहिले. धुळ्याचा ऑर्केस्ट्रावाला आला, नागपूरचा एक प्रोफेसर आला. दुकानातल्या नव्या गिटारी चकचकीत असतात पण आवाज डब्यातला निघतो, असं ते म्हणायचे. नूरभाईची गिटार खालच्या तारेला विहिरीसारखी घुमायची. तो प्रत्येकाला एकच सांगायचा. "ही नक्कल आहे. पण हुबेहूब नक्कल आहे."

एकोणसत्तर साली पीटर्स साहेब ऑस्ट्रेलियाला जायला निघाले. जाण्याआधी ते गिटार घेऊन आले. भुसावळच्या उन्हाने तिची पाठ सुटली होती. आता उघडण्यावाचून इलाज नव्हता. नूरभाईने पाठ काढली, आत पाहिलं, आणि जुन्या ट्रंकेतून सिमेंटचा कागद काढला. मग बराच वेळ तो दोन्हींकडे बघत राहिला.

साहेबांच्या गिटारीत बारक्या पट्ट्या एका बाजूला कललेल्या होत्या. त्याच्या कागदावर उलट्या बाजूला. आरशाने उजव्याचं डावं केलं होतं आणि त्याने ते तसंच उतरवलं होतं. आजवर विकलेली प्रत्येक गिटार उलटी होती.

त्याने पाठ बसवून दिली. साहेबांनी वाजवून बघितली, त्याला मिठी मारली आणि ते गेले. अस्सल एक होती ती समुद्रापार गेली. तिचा आवाज नूरभाईच्या कानात काही महिने राहिला. मग विरत चालला, आणि त्या जागी त्याने केलेल्या उलट्या गिटारीचा आवाज येऊन बसू लागला.

एक तरी सुलटी करायची. एकदा ऐकायची. तेवढंच त्याच्या मनाने घेतलं. पण गोदामातल्या फळ्या संपल्या होत्या. दारं, टेबलं, देव्हारे, जे दिसेल ते वाजवत तो गावभर फिरायचा. मिस्त्रीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं लोक म्हणू लागले.

लाडकुंवरबाईंच्या घरी तो उंबरा बसवायला गेला होता. त्या एका शेठजींच्या विधवा. सासरा त्याच जिनिंगमध्ये भागीदार होता. बाई आत लोणच्याच्या खोलीत होत्या. त्यांनी फळीवर बरणी ठेवली आणि खण्ण असा आवाज आला. नूरभाईचा हातोडा थांबला.

"शेठाणीबाई, ती बरणी परत ठेवता का?"

"का? काय झालं?"

"उचला आणि परत ठेवा. जरा जोरात."

बाईंनी ठेवली. पुन्हा खण्ण झालं.

"ती फळी मला वाजवून बघायची आहे."

"आत नाही यायचं, नूरभाऊ. लोणच्याच्या खोलीत मी सुनांनासुद्धा येऊ देत नाही. परका हात लागला की बुरशी धरते."

"मी उंबऱ्यावर उभा राहतो. तुम्ही वाजवा."

बाई हसल्या. मग त्यांनी खुंटीवरची पळी काढली आणि फळीवर मारली. "डावीकडे," नूरभाई बाहेरून म्हणाला. "आता मध्ये. आता टोकाला. हळू, शेठाणीबाई, ती काय सून आहे का?" पासष्टीच्या लाडकुंवरबाई पळीने लोणच्याची फळी वाजवत होत्या आणि मिस्त्री डोळे मिटून उंबऱ्यावर उभा होता. अंगणात भांडी घासणाऱ्या बेबाबाईने हात थांबवला आणि कपाळावर मारून घेतला.

फळी द्यायला बाईंनी साफ नकार दिला. सासऱ्यांनी आपल्या हाताने ठोकलेली होती. पण उंबऱ्याचं काम काही लवकर संपेना. रोज थोडं बोलणं व्हायचं. एक दिवस नूरभाईने आरशाची गोष्ट सांगितली. बाई ऐकत राहिल्या. हातातलं लिंबू कापायचं राहिलं.

"मी नवी सून होते तेव्हा सासूबाईंच्या लोणच्यात मेथीच्या जागी चुकून बडीशेप घातली," त्या म्हणाल्या. "त्याच साली त्या गेल्या. घरच्यांना तेच आवडलं. अजून गावोगावचे सोयरे तेच मागतात. मी कोणाला सांगितलंच नाही."

"मग एकदा मेथीचं करून बघायचं."

"केलं ना. पण सासूबाईंचं कसं लागायचं तेच आठवेना. बरोबर झालं की चुकलं, सांगणार कोण?" त्यांनी हातातलं लिंबू चिरलं. मग म्हणाल्या, "तुमच्या कानात अजून थोडं आहे का?"

"थोडं आहे."

दुसऱ्या दिवशी बरण्या जमिनीवर उतरवलेल्या होत्या. फळी ओसरीवर धुऊन ठेवली होती. तिच्या खालच्या अंगाला इंग्रजी अक्षरं डागलेली होती आणि तिला हिंगाचा वास होता. बाईंनी अट घातली. दोन अटी. गिटार झाली की या घरात आणून वाजवायची. आणि सरस वापरायचा नाही.

"सरस कशाचा करतात मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हाडाकातड्याचा. सासऱ्यांच्या फळीला तो लागायचा नाही."

नूरभाईने मान डोलावली. जन्मभर त्याने सरसावाचून काही जोडलं नव्हतं. पण त्याचे आजोबा दूध नासवायचे, पाणी पिळून चोथा घ्यायचे आणि त्यात चुना घोटून चिकट करायचे, एवढं त्याला आठवत होतं. ते फार वेळ टिकत नाही. रोज ताजं करावं लागतं. बाईंनी सांगितलं, दूध आमच्याकडून येईल. तेव्हापासून बेबाबाई सकाळी दुधाचा लोटा दुकानात आणून ठेवू लागली. "लोक लोणी काढतात," ती म्हणायची, "तुम्ही लाकूड काढा."

फळीच्या दोन चिरफळ्या करून, जोडून, रंधा मारून तिची पातळ तोंडफळी तयार झाली. तेवढ्यात मुंबईहून एक वाजवणारा आला. धुळ्याच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे त्याने नूरभाईची गिटार ऐकली होती. दोन बैलजोड्या येतील एवढे पैसे त्याने बोलून दाखवले.

"ही वेगळी होणार आहे," नूरभाई म्हणाला. "आधीच्या सगळ्या चुकलेल्या होत्या."

"मला चुकलेलीच पाहिजे, मिस्त्री. विलायती गिटारीसारख्या गिटारी मुंबईत मिळतात. चुकलेली तुमच्याशिवाय कोणी करत नाही."

"पुन्हा तसं लाकूड सापडलं तर करून देईन."

"सापडेल?"

"नाही."

पाहुणा गेल्यावर नूरभाईच्या बायकोने, जुबेदाने, छपराच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. पावसात तो तीन ठिकाणी गळायचा. "माणूस चुकीचे पैसे द्यायला तयार आहे," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि तुम्ही बरोबर करायला बसलात. फुकट."

"एकदाच," नूरभाई म्हणाला. "एकदा ऐकली की जन्मभर उलट्या करीन. मग मला कळेल तरी मी काय करतोय."

जुबेदाने दूध नासवण्यासाठी लिंबू पिळून दिलं.

फुलीच्या दोन मोठ्या पट्ट्या बसल्या. वैशाख लागला होता. गुरुवारी सकाळी त्याने पहिली तिरपी पट्टी लावली, सुलट्या बाजूला, आणि तिच्यावर तराजूची वजनं ठेवली. दुसरीला पुरेल एवढी दुधाची खळ उरली नाही. ती त्याने घासून तयार ठेवली आणि तिची जागा पेन्सिलीने आखली. उद्याच्या दुधात ही लावतो, असं शेजारच्या टेलरला सांगून तो जेवायला घरी गेला. जेवून पलंगावर बसला. जुबेदा पाणी घेऊन आली तेव्हा तो भिंतीला टेकलेला होता. एक चप्पल पायात होती. ती त्याला हाका मारत राहिली.

संध्याकाळी त्याला दफन केलं. लाडकुंवरबाईंच्या घरी कोणी कळवलं नाही. कळवायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

शुक्रवारी सकाळी बेबाबाई दुधाचा लोटा घेऊन आली. दुकान बंद बघून ती घरी गेली. जुबेदाने लोटा हातात घेतला आणि काय करावं ते न कळून तशीच दुकानात आली. कुलूप काढलं. पहिली पट्टी वजनांखाली पक्की बसली होती. तिच्या शेजारी पेन्सिलीची रेघ होती, आणि रेघेच्या खाली दुसरी पट्टी, घासून गुळगुळीत केलेली. आरसा खिडकीत उपडा ठेवलेला होता.

जुबेदाने लोटा फळीशेजारी ठेवला. दुपारपर्यंत दूध आपोआप नासलं.