रोवलेली बांधी

आम्ही धानाची माणसं. आमच्याकडे शेताला बांधी म्हणतात. चारी बाजूंनी बांध घालून पाणी कोंडायचं. पाणी उभं राहिलं तर शेत, नाहीतर माळ. हीच अक्कल घेऊन आम्ही राजस्थानच्या वाळवंटात शेती करायला गेलो.

नवरा तिथे कालवा खोदायला गेला होता. कालव्याला पाणी आलं तशी त्याने काठची जमीन बटईने, पिकाच्या वाट्यावर केली आणि मला बोलावून घेतलं. गव्हालाही त्याने धानासारखं पाणी पाजलं. पहिल्या साली गहू असा आला, की त्याने ठरवूनच टाकलं : गावाकडची, किरनापूरजवळची आपली बांधी विकायची आणि ही जमीन घ्यायची. घरी माझ्या दिराला गिऱ्हाईक बघायलाही कळवलं. ती बांधी लग्न झाल्यापासून मी रोवत होते, एकेक रोप चिखलात लावत होते. मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या साली पाणी मुरेना. खाली दगडासारखा थर होता. ऊन चढलं की माती पांढरी दिसे, गहू वीतभर वाढून पिवळा पडे. मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"मीठ हाये हे. चाटून पाहा."

"आता तुह्या जिभेनं जमीन पारखू काय मी?"

"मंग तुमच्या जिभेनं पारखा. का ते बोलाच्याच कामाची हाये?"

"अजून पानी सोडतो. मीठ धुऊन जाईल."

"जाईल कुठं? खाली वाट हाये काय त्याले?"

उन्हाळाभर त्याने पाणी सोडलं. पांढरं वाढतच गेलं. मृगाच्या तोंडावर मी ट्रंक उचलली.

"एकटी कशी जाशीन?"

"बोलावलं तवा एकटीच आलती ना?"

घरी येऊन रोपांसाठी धानाचे परे टाकले. दिराचे बैल न विचारता जुंपले. बाईने नांगर धरू नये म्हणतात. धरला. रोवणी अर्धी झाली तेव्हा दीर गिऱ्हाईक घेऊन बांधावर आला.

"भाभी, हे काहून रोवून राह्यली? बांधी तं विकाची हाये!"

"विका ना. आधी मले उपटा, मंग धान उपटा."

गिऱ्हाईकाने चिखलातल्या माझ्याकडे बघितलं आणि तो चपला घालून निघून गेला.

दिवाळीनंतर नवरा परतला. तिथे पेरलेलं उगवलंच नव्हतं. बांधावर उभा राहून तो पिकलेलं धान बघत होता. मी त्याच्या हातात विळा दिला.

"उभे काहून राह्यले? उतरा खाली."